ड्रॉइंगबरहुकूम

"डिफेक्ट म्हणजे काय, बर्गेजी? एकदम सीधी भाषा में बताइए," निगम वकिलांनी विचारलं आणि समोसा चटणीत बुडवला.

केबिनमधल्या टेबलावर समोशांची बशी होती आणि तिच्या शेजारी एक वॉकर आडवा पडला होता. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, चार पायांचा, म्हाताऱ्या माणसांनी दोन्ही हातांनी धरून चालायचा. तक्रार आल्याबरोबर कंपनीनं तो 'तपासणीसाठी' परत मागवून घेतला होता.

गजेंद्र बर्गे यांना वकिलाचा प्रश्न आवडला नाही, त्याची तेलकट बोटं आवडली नाहीत आणि ती बोटं पुसायला त्यानं तक्रारीच्याच अर्जाची झेरॉक्स घेतली, हे तर मुळीच आवडलं नाही. या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी सरकारनं त्यांना चौतीस वर्षं पगार दिला होता.

"ड्रॉइंग में जो लिखा है, वो पीस में न हो तो डिफेक्ट," ते म्हणाले. "हो, तो डिफेक्ट नहीं. बाकी सब कविता है."

"वाह! पुनीतजी, सुना आपने? बाकी सब कविता है!"

मालकाच्या खुर्चीत पुनीतजी होते. वडील गेल्यावर नादरगंजमधला हा कारखाना त्यांच्याकडे आला होता आणि तीन वर्षांत त्यांनी नट आणि बोल्ट यांतला फरक शिकून घेतला होता, असं बर्गे घरी सांगत. पुनीतजींनी फोनवरून नजर उचलली. "मतलब हम सेफ हैं?"

"देखिए," निगम म्हणाले, "कानून में तीन दरवाज़े हैं. एक, पीस बनाने में गड़बड़. दो, डिज़ाइन में ही गड़बड़. तीन, ग्राहक को ठीक से बताया नहीं कि चीज़ कैसे इस्तेमाल करनी है. सामनेवाली प्राइमरी स्कूल की मास्टरनी है, वकील किया नहीं, खुद ही बोलती है. उसने सिर्फ़ पहला दरवाज़ा खटखटाया है. मेरा पीस खराब था, बस. बर्गेजी हलफ़नामा देकर वो दरवाज़ा बंद कर देंगे. बाकी दो का उसे पता ही नहीं."

ही मास्टरीण म्हणजे बख्शी का तालाब इथल्या सरोज मौर्या. तिनं आईसाठी वॉकर घेतला. चौथ्या महिन्यात न्हाणीघरातून बाहेर येताना वॉकरचा पुढचा पाय अचानक आखूड झाला, नळी नळीत सरकली आणि बहात्तर वर्षांची रामकली मौर्या उंबऱ्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवर होती.

बर्गे यांनी आपल्या पेटीतून व्हर्नियर काढला, चष्मा बदलला आणि मोजायला सुरुवात केली. नळीचा बाहेरचा व्यास, आतला व्यास, भोकं, भोकांमधलं अंतर. आकडा न आकडा ड्रॉइंगशी जुळत होता. निगम प्रत्येक आकड्याला मान डोलावत होते, मैफलीत बसल्यासारखे.

मग त्यांनी पायातलं बटण दाबलं. वॉकरची उंची कमीजास्त करायची तर हे बटण आत दाबून नळी सरकवायची, मग बटण आपोआप पुढच्या भोकातून बाहेर येऊन बसतं. ते बाहेर ढकलायला आत एक वाकवलेली स्प्रिंगची पट्टी असते. बटण आत गेलं. बाहेर आलं ते कसंबसं, अर्धवट. बर्गे यांनी नळीत करंगळी घातली. करंगळी गंजानं तांबूस होऊन बाहेर आली.

त्यांना एकदम उत्साह वाटला. "ये पट्टी स्टेनलेस की नहीं है," ते म्हणाले. "पुनीतजी, आपका परचेसवाला चोर है. किसी ने माल बदल दिया. फाइल निकालता हूँ, अभी पकड़ में आएगा."

"अरे छोड़िए ना," निगम म्हणाले. पण बर्गे उठलेसुद्धा होते.

मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत बर्गे कधी साहेब झाले नाहीत. साताऱ्याजवळच्या कोरेगावातून पंचविसाव्या वर्षी लांब उत्तरेत, तिथल्या प्रयोगशाळेत आले, सहायक म्हणून लागले आणि वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. डब्यांना डबे जोडणारी कपलिंगं, स्प्रिंगा, बोल्ट ते ताणून, वाकवून, पिळून मोडायचे आणि अहवाल लिहायचे. देशभरातले पुरवठादार मिठाईचे खोके घेऊन यायचे. बर्गे खोका उघडायचे, मिठाई शिपायांना वाटायचे आणि माल नापास करायचे. नवीन इंजिनियर मुलं त्यांच्याकडे सही मागायला जाताना एकमेकांना पुढे ढकलायची. या लोकांना मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय ते कळत नाही, हे बर्गे यांचं जगाबद्दलचं एकूण मत होतं, आणि त्या जगात त्यांचे दोन मेहुणे, गृहनिर्माण मंडळ आणि त्यांना न मिळालेली बढती ज्यांना मिळाली ते सगळे येत होते.

निवृत्तीनंतर सहा महिने ते घरी बसले. मग माल तपासायची ही नोकरी चालून आली. वॉकर, कमोडच्या खुर्च्या, काठ्या. साताऱ्याच्या नातेवाइकांना त्यांनी 'कन्सल्टन्सी' सांगितलं. कशाची, ते सांगितलं नाही.

रेकॉर्डच्या कपाटात वॉकरची फाइल तिसऱ्या खणात होती. बदलाचा कागद सहज सापडला. स्टेनलेसच्या पट्टीऐवजी मुलामा दिलेली साध्या पोलादाची पट्टी वापरायला परवानगी. खाली घोटीव अक्षरात इंग्रजीत शेरा: 'कार्यावर परिणाम नाही.' त्याच्याखाली सही.

सही त्यांचीच होती.

परचेसवाला चोर नव्हता. त्यानं रीतसर कागद पुढे केला होता. नोकरीचा पहिलाच महिना, दुपारचा चहा. नव्या पट्टीची पाण्यात ठेवून चाचणी घ्यायची का, असं त्यानं विचारलंही होतं. बर्गे हसले होते. "भैया, ये क्या रेल का कपलिंग है?" असं म्हणून त्यांनी कागदावरची कपाची बशी न उचलताच सही केली होती. कागदावर बशीची गोल कड अजून दिसत होती.

ते केबिनमध्ये परत आले तेव्हा निगमनी हलफनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, टाइप करून ठेवला होता. सदर वॉकर मी स्वतः मोजला. तो मंजूर ड्रॉइंगबरहुकूम आहे. बर्गे यांनी तो तीनदा वाचला. शब्द न शब्द खरा होता. बदल मंजूर झाल्यावर तीच पट्टी ड्रॉइंगमध्ये आली होती.

"मिला चोर?" पुनीतजींनी विचारलं.

"नहीं," बर्गे म्हणाले आणि सही केली.

वृंदावन योजना या वसाहतीतल्या त्यांच्या घरी दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघरात एक तमाशा सुरू झाला. नळाच्या वर सुतळी बांधून बर्गे यांनी दहा नव्या पट्ट्या टांगल्या, प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी. घरातले तिघेही त्यांच्याखालीच आंघोळ करत. रोज सकाळी बर्गे एकेक पट्टी नळीच्या तुकड्यात बसवून बटण शंभरदा दाबत आणि वहीत लिहीत.

"हे काय टांगलंय? काल माझ्या केसांत अडकलं," त्यांची बायको प्रतिमा म्हणाली.

"चाचणी आहे."

"घरात?"

"म्हातारी माणसं घरातच आंघोळ करतात."

प्रतिमानं पुढे विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या उत्तरांतल्या तिखटपणाची तिला सवय झाली होती. पण नवव्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरातून बाहेर आले आणि नळीचा तुकडा हातात घेऊन ओल्या पायांनी तसेच बैठकीत बसून राहिले, तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि येऊन समोर बसली.

"सहा नंबरची अडकली," ते म्हणाले. "बटण बाहेरच आलं नाही. चार नंबरची अर्धी येते. दिसायला बसल्यासारखी दिसते. वजन पडलं की आत जाईल."

मग त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारी, हलफनामा, बशीची कड. मुलगी ऋता बँकेत जायच्या घाईत होती. ती चपला घालता घालता थांबली.

"तो बोल दो ना, बाबा," ती म्हणाली. "इसमें सोचना क्या है?"

"काय बोलू? पीस ड्रॉइंगप्रमाणेच होता. मी खोटं काहीच लिहिलेलं नाही."

"हाँ, पर अम्मा तो गिरीं ना."

"तुला यातलं कळत नाही."

"अच्छा," ऋता म्हणाली. "आपको कळतं, तो आप साइन करके आए." ती निघून गेली.

प्रतिमा बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत होती. "मी एक बोलू? राग येईल तुम्हाला."

"बोल."

"तुम्हाला त्या वस्तूची लाज वाटत होती. माझ्या भावाला तीन वर्षांत सांगितलं नाहीत तुम्ही काय तपासता ते. कमोडच्या खुर्च्या म्हणायला जीभ रेटत नव्हती. म्हणून तुम्ही ती पट्टी बघितलीच नाही. रेल्वेची असती तर महिनाभर उकळली असती."

बर्गे यांना राग आला. तो कुणावर काढावा हे शोधायला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण खोलीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

सरोज मौर्यानं साक्षीदाराला समोर बोलावून प्रश्न विचारायची परवानगी मागितली आणि ग्राहक आयोगानं ती दिली. निगमना त्यात गंमत वाटली. "मास्टरनी है, क्लास लेगी आपकी," ते जिना चढताना बर्गे यांना म्हणाले. "हाँ, ना, बस. ज्ञान मत दीजिएगा."

सरोज चाळिशीची, किडकिडीत बाई होती. तिच्या हातात शाळेची हजेरीची वही होती आणि मागच्या पानांवर प्रश्न लिहिलेले होते. तिनं बर्गे यांच्याकडे पाहिलं ते कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे पाहावं तसं.

"आपने वॉकर नापा?"

"जी."

"क्या-क्या नापा?"

बर्गे यांनी सांगितलं. व्यास, भोकं, अंतरं.

"सब ठीक निकला?"

"जी. ड्रॉइंग के मुताबिक."

"सब ठीक था," सरोज म्हणाली. वहीतला पुढचा प्रश्न तिनं वाचला नाही, वही मिटली. "तो फिर अम्मा गिरीं कैसे?"

निगम उठून उभे राहिले. साक्षीदार घटनास्थळी नव्हता, तो याचं उत्तर देऊ शकत नाही. शिवाय माहितीपत्रकात स्पष्ट छापलं आहे की वॉकर ओल्या जागी वापरू नये. त्यांनी गुळगुळीत पत्रक पुढे केलं. अध्यक्षीणबाईंनी ते पाहिलं आणि बर्गे यांना म्हणाल्या, "आपको मालूम हो तो बताइए. न हो तो कह दीजिए, नहीं मालूम."

नाही म्हणणं सोपं होतं. निगम तेवढ्यासाठीच थांबले होते.

"मालूम है," बर्गे म्हणाले. "मॅडम, यह पर्चा शिकायत के बाद छपा है. पहले डिब्बे में कोई पर्चा नहीं होता था. और डिब्बे पर जो फोटो है, उसमें वॉकर वॉश-बेसिन के सामने खड़ा है."

निगमनी खोकल्यासारखं केलं. बर्गे यांनी पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत दहा पट्ट्या होत्या, चिठ्ठ्यांसकट. सात तांबूस झाल्या होत्या. आपल्या न्हाणीघरात काय केलं, कितव्या दिवशी कोणती अडकली, हे त्यांनी वहीतून वाचून दाखवलं. आवाज प्रयोगशाळेतला होता, कोरडा.

"पीस में कोई कमी नहीं थी," ते शेवटी म्हणाले. "जैसा ड्रॉइंग में था, वैसा ही बना. कमी ड्रॉइंग में थी. ऐसे सारे वॉकर में यही पट्टी है. सब ऐसे ही बैठ जाएँगे."

"ड्रॉइंग में यह बदलाव पास किसने किया?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"मैंने."

"यही जाँच पास करने से पहले क्यों नहीं की?"

बर्गे यांनी तयारी केलेलं उत्तर वेगळं होतं. वेळ कमी होता, कंपनीत सोय नव्हती, असं काहीतरी. ते आठवेना. "मुझे लगा, यह चीज़ इस लायक नहीं है," ते म्हणाले.

खोलीत टाइप करणाऱ्या माणसानं मान वर करून विचारलं, "यही लिखूँ?"

"यही लिखिए," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर निगमनी फायली काखेत मारल्या. "बुढ़ापे में महात्मा बनने का शौक चढ़ा है?" ते म्हणाले. "कंपनी सारा आपके ऊपर डालेगी. बचेगी तो भी नहीं, मगर आपको लेकर डूबेगी."

सरोज पायऱ्यांशी रिक्षाची वाट पाहत उभी होती. बर्गे तिच्याजवळ गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"थैंक्यू सुनने आए हैं?" ती म्हणाली.

"नहीं."

"हलफ़नामे पर भी आप ही के दस्तखत थे ना? तब यह सब नहीं मालूम था?"

"थोड़ा मालूम था."

"थोड़ा," सरोज म्हणाली. रिक्षा आली, ती बसली आणि मागे न बघता गेली. तिचं बरोबर आहे, असं बर्गे यांना वाटलं. दुसऱ्या कुणाचं बरोबर आहे असं त्यांना फार वर्षांनी वाटत होतं आणि ते काही सुखाचं नव्हतं.

त्याच आठवड्यात नोकरी गेली. कंपनीनं आयोगाला लेखी कळवलं की सल्लागार बर्गे यांच्या निष्काळजीपणामुळे हे घडलं, कंपनीचा दोष नाही. दोन महिन्यांनी निकाल आला. वस्तू बनवून विकणारी कंपनी आपल्या नोकराच्या सहीमागे लपू शकत नाही, असं आयोगानं म्हटलं. आरेखनच सदोष, आणि इशाराही दिलेला नाही. रामकलीला भरपाई द्यायची आणि विकलेल्या प्रत्येक वॉकरची पट्टी कंपनीनं स्वतःच्या खर्चानं बदलून द्यायची. पुनीतजींनी अपिलाची भाषा केली. पण वर्तमानपत्रात बातमी आली आणि दुकानदार माल परत पाठवू लागले, तेव्हा ती थंडावली.

त्या बातमीत बर्गे यांचं नाव होतं. मानक नगरहून सुजयचा फोन आला. बर्गे यांच्या हाताखाली शिकलेला पुण्याचा मुलगा, आता मोठा अधिकारी.

"सर, बातमीत नाव वाचलं. दुसरे कुणी बर्गे असतील ना?"

"मीच."

"काळजी घ्या, सर," तो म्हणाला. पूर्वी दर दिवाळीला तो मिठाई घेऊन यायचा. बर्गे त्याला दारातच त्या मिठाईतले दोष सांगायचे. त्या दिवाळीला तो आला नाही.

थंडीतल्या एका रविवारी बर्गे दोन बस बदलून बख्शी का तालाबला गेले. घर विचारत विचारत सापडलं. सरोजनं दार उघडलं, त्यांना पाहिलं आणि क्षणभर दार तसंच धरून उभी राहिली. मग बाजूला झाली. अंगणात उन्हात खाट होती. खाटेवर गोधडीखाली रामकली होती, इतकी लहान की आधी बर्गे यांना गोधडीच दिसली.

"कौन है?" तिनं विचारलं.

"कंपनीवाले," सरोज म्हणाली. "पहले थे."

रामकलीनं त्यांना निरखून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत बर्गे उभे होते. तो त्यांना ओळखीचा होता, त्याला तोंड देता आलं असतं. पण म्हातारी ओशाळल्यासारखी हसली.

"हमसे ठीक से पकड़ा नाहीं गवा, भइया," ती म्हणाली. "नवा सामान रहा. हम बिगाड़ दिहेन."

ती स्वतःचीच चूक कबूल करतेय, हे बर्गे यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी सरोजकडे पाहिलं.

"सब यही कहते हैं इनसे," सरोज म्हणाली. "भाभी, पड़ोसी, ताऊजी. बुढ़िया को चलने का सऊर नहीं. मैंने फैसला पढ़कर सुनाया, तो बोलीं, कचहरी की बात है, हम क्या जानें."

बर्गे खाटेशी वाकले. "अम्मा, आपने ठीक पकड़ा था. गलती हमारी थी. मेरी. मैंने ठीक से जाँचा नहीं था."

"तुम जाँचत हौ?"

"जी. वही काम था मेरा."

म्हातारी विचार करत राहिली. मग तिनं कोपरावर भार देऊन मान उचलली आणि भिंतीपलीकडे हाक मारली. शेजारीण आली, हाताला पीठ. "इनका सुनौ," रामकली म्हणाली आणि बर्गे यांच्याकडे बघू लागली. बर्गे यांनी पुन्हा सांगितलं. शेजारणीनं पदर तोंडाला लावला. मग सूनबाईला बोलावणं गेलं; ती दारातच उभी राहिली, जमिनीकडे बघत, आणि बर्गे यांनी तिलाही सांगितलं. अम्मांनी बरोबर पकडला होता. चूक माझी होती.

सरोजनं एक स्टूल आणून त्यांच्याजवळ ठेवलं.

शेवटी पलीकडच्या घरातून रामकलीचे मोठे दीर, म्हणजे सरोजचे ताऊजी, आले, काठी टेकत, हळूहळू. ते येऊन टेकेपर्यंत म्हातारी थांबली. बर्गे सांगायला लागले, तसा तिनं हात वर केला.

"तनिक जोर से कहौ, भइया," ती म्हणाली. "ई ऊँचा सुनत हैं."

बर्गे स्टुलावरून उठून उभे राहिले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका काम थांबवून खाली बघत होत्या. बर्गे घसा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सुरुवातीपासून, पुन्हा सांगायला लागले.